रिटर्न आलं, पण माल आपला नाही

ऑनलाइन विकणाऱ्यांनी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, आणि पत्रं आली ती जवळपास सगळी रिटर्नच्या फसवणुकीवरचीच. वाचून वाईट वाटलं, कारण यातले बरेच जण एकटे काम करतात, माल स्वतःच बनवतात, स्वतःच पॅक करतात, आणि एक मोठं रिटर्न अंगावर आलं की महिन्याची कमाई जाते. मी बरीच वर्षं जुने कॅमेरे ऑनलाइन विकतेय, अशा केसेस हरलेय पण आणि जिंकलेय पण. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलंय.

ताई, मी वापरलेले टॅब्लेट दुरुस्त करून मार्केटप्लेसवर विकतो. एक एकदम चांगला पीस गेला, चार दिवसांनी बायरने 'वर्णनाप्रमाणे नाही, स्क्रीनला तडा आहे' असं टाकून रिटर्न मागितलं. पार्सल परत आलं तर आत त्याच मॉडेलचा पण दुसराच, तडा गेलेला टॅब्लेट. मी प्लॅटफॉर्मला कळवलं, बायरलाही रागात चार शब्द सुनावले, तरी निकाल त्याच्याच बाजूने. पाठवतानाचे फोटो माझ्याकडे होते, मग माझं का ऐकलं नाही?

तुम्ही पाठवलेले चारही फोटो मी नीट बघितले. फोटो छान आहेत, स्क्रीन चालू आहे, कडा स्वच्छ दिसतायत, पण एकाही फोटोत सिरीयल नंबर नाहीये. आता तुमची केस ज्याच्याकडे गेली त्याच्या जागी बसून बघा, तो तुम्हाला ओळखत नाही, बायरला ओळखत नाही, त्याच्यापुढे अशा केसेसची रांग लागलेली असते आणि त्याला दिसतं काय तर एका मॉडेलचा चांगला टॅब्लेट, त्याच मॉडेलचा फुटलेला टॅब्लेट, आणि दोन माणसं एकमेकांना खोटं म्हणतायत. हे दोन वेगळे टॅब्लेट आहेत हे त्या फोटोंवरून सिद्धच होत नाही. तुम्ही खरं बोलताय यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे, पण केसच्या फाईलमध्ये जे नाही ते त्या माणसासाठी घडलेलंच नाही, आणि हे आपल्या विक्रेत्यांना फार उशिरा कळतं. मलाही असंच कळलं. एक जुना कॅमेरा पाठवला होता, परत आला तो दुसराच, शटर बंद पडलेला, आणि माझ्याकडे वीसेक फोटो होते पण तळाशी कोरलेला नंबर एकातही नव्हता. हरले. त्या रात्री झोप लागली नाही मला.

हा अदलाबदलीचा प्रकार फार जुना आहे. माणसाकडे आधीच एक बिघडलेली वस्तू असते, तो तशीच चांगली वस्तू मागवतो आणि बिघडलेली परत पाठवतो, म्हणजे त्याची दुरुस्ती आपल्या पैशाने होते. कधी आतले पार्ट काढून घेऊन रिकामं खोकं परत करतात, आणि कधी सरळ तेवढ्याच वजनाचं काहीतरी भरून पाठवतात.

आता तुमच्या केसचं. अपीलची मुदत अजून गेली नसेल तर आधी तुमच्याकडे तो सिरीयल नंबर कुठेकुठे आहे ते शोधा. तुम्ही टॅब्लेट कोणाकडून तरी घेतला असेल, त्या बिलावर नंबर असू शकतो. दुरुस्तीनंतर टेस्टिंगचं ॲप चालवलं असेल तर त्याच्या रिपोर्टवर नंबर आणि तारीख दोन्ही येतात. सिमकार्डवालं मॉडेल असेल तर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक मोबाइल उपकरणाचा वेगळा ओळख नंबरही असतो आणि तो बऱ्याच जणांच्या स्टॉकच्या वहीत लिहिलेला असतो. हे एका बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला परत आलेल्या टॅब्लेटचा नंबर दाखवणारा फोटो, आणि अपीलमध्ये एवढंच लिहा: 'पाठवलेल्या वस्तूचा नंबर हा, परत आलेल्या वस्तूचा नंबर हा, दोन्ही वेगळे आहेत, पुरावे जोडले आहेत.' तुमचं किती नुकसान झालं, तुम्ही किती वर्षं प्रामाणिकपणे धंदा करताय, हे सगळं खरं असलं तरी त्याने निकाल फिरत नाही, उलट कामाची ओळ त्याच्याखाली दबते. रक्कम मोठी असेल तर पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत अपीलला जोडा. तक्रार केल्याने पैसे लगेच मिळतात असं नाही, पण खोटी तक्रार करायला सहसा कोणी जात नाही हे केस बघणाऱ्यालाही माहीत असतं.

आणि ते चार शब्द. मेसेज प्लॅटफॉर्मवरूनच केले असतील तर तेही फाईलमध्येच गेलेत. बायरला चोर म्हणायचं नाही, मनात कितीही आलं तरी. 'मिळालेल्या वस्तूचा सिरीयल नंबर पाठवलेल्या वस्तूशी जुळत नाही, कृपया तपासून सांगा' एवढं शांतपणे लिहिलं की पुढचा चिडून काहीतरी लिहितो आणि बऱ्याचदा स्वतःच अडकतो.

पुढच्या पार्सलपासून मी करते तसं करा. पॅकिंगचा एकच सलग व्हिडिओ, मध्ये कुठेही न थांबवता, वस्तू चालू करून दाखवायची, नंबर जवळून दाखवायचा, वाचता येईल इतका वेळ धरायचा, मग वस्तू खोक्यात, खोकं सील, त्यावर कुरिअरचं लेबल, आणि ते काट्यावर ठेवून वजन. हात फ्रेमच्या बाहेर गेले नाही पाहिजेत. रिटर्न उघडतानाही तेच पण उलट, आधी लेबल आणि टेप शाबूत आहे का ते चारी बाजूंनी दाखवायचं मगच कटर लावायचा. नंबर लिस्टिंगच्या, म्हणजे साइटवर वस्तू विकायला लावतो त्या पानाच्या, एका फोटोत आणि आतल्या पॅकिंग स्लिपवरही ठेवा, मी असं करायला लागल्यापासून अदलाबदलीचं रिटर्न एकदाही आलं नाही, नंबर नोंदवलाय हे दिसलं की असे लोक दुसरा विक्रेता शोधत असावेत. ज्या वस्तूला नंबरच नसतो तिच्यावर अतिनील दिव्यात दिसणाऱ्या पेनाने आतल्या बाजूला बारीक खूण करता येते, पण ती खूणही व्हिडिओत आलीच पाहिजे, नाहीतर ती नंतर केली असं कोणीही म्हणेल.

मी हाताने चांदीची कानातली बनवते. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय आणि बायर म्हणते मिळालंच नाही. ती खोटं बोलतेय का? मी रिफंड देऊन टाकू?

खोटं बोलतेय असं लगेच धरू नका. कुरिअरवाला दिवस संपायच्या आत सगळी पार्सलं डिलिव्हर्ड मारून टाकतो आणि खरं पार्सल दुसऱ्या दिवशी नेऊन देतो, शेजाऱ्याकडे ठेवतो, चुकीच्या दारात ठेवतो, दारातून कोणीतरी उचलूनही नेतं. म्हणून आधी तिला विचारा की घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी घेतलंय का, आणि त्याच दिवशी कुरिअरकडे तक्रार टाकून पीओडी मागवा, म्हणजे डिलिव्हरीचा पुरावा. आता बऱ्याच कंपन्या स्कॅन झालं त्या जागेचं लोकेशन आणि दाराचा फोटो ठेवतात. रिफंड मात्र क्लेमचा निकाल लागायच्या आधी स्वतःहून देऊ नका, आणि प्लॅटफॉर्मच्या बाहेरून तर कधीच नाही, कारण बाहेरून दिलेले पैसे सिस्टीमला दिसत नाहीत आणि तीच रक्कम परत एकदा कापली जाऊ शकते.

साधारण नियम असा की ऑर्डरमधल्या पत्त्यावर डिलिव्हरी झाल्याचं ट्रॅकिंग दाखवत असेल तर 'मिळालं नाही' या क्लेममध्ये विक्रेता सुरक्षित असतो. यात दोन गोष्टींना लोक फसतात. बायरने मेसेजमध्ये 'दुसऱ्या पत्त्यावर पाठवा' म्हटलं आणि तुम्ही चांगुलपणाने पाठवलं तर ते संरक्षण गेलं, बायरला ती ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्याने पुन्हा ऑर्डर द्यायला सांगा. आणि महाग वस्तूला सही लागते. ईबे ही विक्रीची साइट आणि पेपाल ही ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा, दोन्हीकडे अमेरिकेत 750 डॉलर किंवा त्यावरच्या व्यवहाराला सहीची डिलिव्हरी मागतात, नुसतं डिलिव्हर्ड दिसणं पुरत नाही.

अजून एक, क्लेम जिंकला म्हणून व्हिडिओ आणि पावत्या डिलीट करू नका! इथे हरलेला बायर त्याच्या बँकेत जाऊन कार्डाचा चार्जबॅक टाकू शकतो, म्हणजे बँकेमार्फत कार्डाचे पैसे परत मागू शकतो, व्हिसाकडे बहुतेक प्रकारांत त्यासाठी 120 दिवस असतात, पेपालवर वाद उघडायला 180 दिवस. तुम्हाला मात्र उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात. मी सगळं वर्षभर ठेवते, जागा लागते पण ठेवते.

रिटर्नचं पार्सल माझ्याकडे आलंच नाही, तरी ट्रॅकिंगवर 'विक्रेत्याला मिळालं' असं दिसलं आणि प्लॅटफॉर्मने बायरला पैसे देऊन टाकले. कोणाशी बोलायचं तेच कळत नाहीये.

हे वाचताना माझ्या लगेच लक्षात आलं, कारण हा प्रकार आता ठरवून केला जातो. याला 'फेक ट्रॅकिंग आयडी' म्हणतात. प्लॅटफॉर्म बायरला रिटर्नचं लेबल देतो, त्यावर बारकोड असतो. तो माणूस लेबलवरचा तुमचा पत्ता आणि नाव बदलतो पण बारकोड तसाच ठेवतो, आणि ते लेबल एका हलक्या पाकिटाला चिकटवतो ज्यात जाहिरातीचे कागद असतात. पाकीट जातं तुमच्याच भागातल्या दुसऱ्या कोणत्या तरी पत्त्यावर, तिथला माणूस ते फेकून देतो, आणि सिस्टीमला काय दिसतं तर तुमचा बारकोड, तुमच्या भागात डिलिव्हर्ड. रिफंड आपोआप सुटतो, मध्ये माणूस कोणी बघतच नाही. कधी पाकीट तुमच्याच पत्त्यावर येतं पण दुसऱ्याच नावाने, आणि तुम्ही ते चुकून आलंय म्हणून परत करता, तेव्हाही तेच होतं.

हे फोडायची जागा कुरिअर कंपनीकडे आहे. त्या ट्रॅकिंग नंबरवर त्यांच्याकडे प्रत्यक्ष पत्ता कोणता नोंदलाय, वजन किती लागलं आणि सही कोणाची, या तीन गोष्टी लेखी मागा, फोनवर सांगितलेलं चालत नाही. लेखी पत्र देत नाहीत म्हणून हटून बसले तर ईमेलवर उत्तर घ्या, कंपनीच्या अधिकृत आयडीवरून आलं पाहिजे. तुमची वस्तू समजा दोन किलोची आणि पार्सल पन्नास ग्रॅमचं, तर पुढे काही बोलायची गरजच राहत नाही. हे घेऊन अपील करा आणि 'ट्रॅकिंग नंबर बरोबर आहे पण पार्सल माझ्या पत्त्यावर आलेलं नाही, वजनही जुळत नाही' असं स्पष्ट लिहा, कारण हेल्पडेस्कवरच्या बऱ्याच जणांना हा प्रकार माहीतच नसतो आणि ते तुम्हाला 'घरात कोणी घेतलंय का बघा' असं सांगून केस बंद करतात. बंद केली तर परत उघडायला लावा, पुन्हा दुसऱ्या माणसाकडे जाते. मी एक अशी केस चौथ्या वेळी जिंकलेय.

आणि घरी नको असलेलं, फाटकं, विचित्र नावाचं पाकीट आलं तर रिटर्न चालू असताना ते फेकू नका, आधी लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर बघा.

मी जॅकेट शिवून विकते. एका बाईने घेतलं, दहा दिवसांनी 'फिटिंग बसत नाही' म्हणून परत पाठवलं, आणि कॉलरला मेकअप लागलेला, अत्तराचा वास. काही करता येतं का?

घालून, फोटो काढून, परत करणं, याला वॉर्डरोबिंग म्हणतात, आणि करणाऱ्यांना बऱ्याचदा ही फसवणूक वाटतही नाही, एवढं काय त्यात असं म्हणतात. तुम्हाला ते जॅकेट आता नवीन म्हणून विकता येत नाही, एवढं त्यात आहे!

कायदा इथे सगळा ग्राहकाच्याच बाजूने आहे असं बऱ्याच विक्रेत्यांना वाटतं, पण तसं नाहीये. युरोपियन युनियनचं उदाहरण घ्या, तिथे 2011 चा ग्राहक हक्कांचा डायरेक्टिव्ह, म्हणजे सदस्य देशांसाठीचा कायदा, जून 2014 पासून लागू आहे, त्यात ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येते. पण त्याच डायरेक्टिव्हमध्ये असंही आहे की वस्तू कशी आहे आणि चालते का हे बघायला लागेल त्यापेक्षा जास्त वापर करून किंमत कमी झाली तर ती घट ग्राहकाने सोसायची, अट एवढीच की परत करण्याच्या हक्काची माहिती विक्रेत्याने आधी नीट दिलेली पाहिजे. वस्तू परत मिळेपर्यंत किंवा पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत पैसे थांबवायचीही विक्रेत्याला परवानगी आहे. ग्राहकाच्या मापाने बनवलेली वस्तू तर या हक्कातून बाहेरच आहे. ईबेच्या अमेरिकेतल्या साइटवर टॉप रेटेड विक्रेता फ्री रिटर्न देत असेल तर वापरून आलेल्या वस्तूवर 50 टक्क्यांपर्यंत रक्कम कापू शकतो. म्हणजे तुम्ही जिथे विकता तिथल्या पॉलिसीत 'वापरलेली वस्तू परत आल्यास' असा भाग शोधा, बहुतेक ठिकाणी असतो आणि बहुतेक विक्रेत्यांनी तो वाचलेला नसतो.

डागाचे फोटो दिवसाच्या उजेडात, जवळून, टॅगसकट काढा. वास फोटोत येत नाही म्हणून वासावर भर देऊ नका. आणि पुढच्या वेळी एक मोठा टॅग समोरच्या बाजूला, दिसेल असा लावा, न काढता जॅकेट घालून बाहेर जाताच येणार नाही असा, आणि 'हा टॅग काढलेला असल्यास वस्तू वापरलेली धरली जाईल' हे लिस्टिंगमध्ये लिहा. घरात घालून बघायला त्याची अडचण होत नाही, त्यामुळे खऱ्या ग्राहकावर अन्यायही नाही.

बायर म्हणतो अर्धे पैसे परत दे आणि वस्तू मी ठेवतो, नाहीतर एक स्टार देईन.

ही धमकी प्लॅटफॉर्मच्या मेसेजमध्येच लिहिलेली असेल तर तुमचं काम सोपं झालं. ईबे आणि ॲमेझॉन दोन्हीकडे रिव्ह्यूची भीती दाखवून पैसे मागायला सक्त मनाई आहे. उत्तर एवढंच द्या की वस्तूत दोष असेल तर पूर्ण रिटर्न घ्यायला मी तयार आहे, आणि लगेच रिपोर्ट करा. धमकी फोनवर दिली असेल तर 'तुम्ही आत्ता फोनवर जे म्हणालात ते कृपया इथे लिहाल का' असा मेसेज टाका. ईबेवर मे 2008 पासून विक्रेत्याला बायरबद्दल वाईट फीडबॅक देताच येत नाही, त्यामुळे पुढच्या विक्रेत्याला सावध करायचा मार्ग म्हणजे हा रिपोर्टच, तो टाळू नका. एक स्टारची भीती मलाही वाटते, पण एकदा पैसे दिले की तोच माणूस परत येतो, दुसऱ्या नावाने.

ताई, मी कॉलेजला आहे, विक्रेता नाही. माझा मित्र टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून रिफंड काढून घेतो, वस्तूही राहते आणि पैसेही परत येतात, ते लोक फक्त कमिशन घेतात. तो म्हणतो नुकसान मोठ्या कंपनीचं होतं, कोणा गरिबाचं नाही. मलाही विचारतोय. यात खरंच काही धोका आहे का?

तू विचारलंस हे फार बरं झालं, म्हणून सरळच सांगते. कंपनीचं नुकसान होतं हे अर्धंच खरं आहे. मार्केटप्लेसवर जो माल दिसतो त्यातला कितीतरी माल वर पत्र लिहिणाऱ्या या माणसांचा असतो, पान एकाच कंपनीचं दिसतं पण रिफंड कापला जातो तो कानातली बनवणाऱ्या बाईच्या खात्यातून. तुझा मित्र ज्याची वस्तू ठेवतो त्याचं नाव त्याने कधी ऑर्डरच्या खाली वाचलंय का, विचार त्याला.

आणि धोका आहेच. डिसेंबर 2023 मध्ये ॲमेझॉनने 'रेक' नावाच्या अशाच एका टोळीवर अमेरिकेत फेडरल कोर्टात दावा लावला. ते टेलिग्रामवर उघड जाहिरात करायचे, कमिशन घ्यायचे आणि आतल्या कर्मचाऱ्यांना लाच देऊन न आलेली रिटर्न आल्याची नोंद करून घ्यायचे असा आरोप आहे, दाव्यात माजी कर्मचाऱ्यांचीही नावं आहेत. आता नीट बघ, अशा ग्रुपला काम द्यायचं म्हणजे त्यांना आपलं नाव, पत्ता, ऑर्डर नंबर आणि बऱ्याचदा लॉगिनचा पासवर्डही द्यावा लागतो. ऑर्डर तुझ्या नावावर, खोटा क्लेम तुझ्या नावावर, पैसे तुझ्या कार्डावर, आणि ते लोक मात्र टोपणनावाने बसलेले. उद्या चौकशी झाली तर सापडणारा माणूस तू असशील. त्याला नाही म्हण, आणि त्याने तुझा पत्ता पार्सल मागवायला वापरू दे म्हटलं तरी नाही म्हण, ते पण विचारतात.

इतका मनस्ताप होतो की रिटर्न घेणंच बंद करून टाकावं असं वाटतंय. चालेल का?

सेटिंग बंद करता येईल, उपयोग फार होणार नाही. 'नो रिटर्न' लावलं तरी 'वर्णनाप्रमाणे नाही' हा क्लेम बायरला करताच येतो, आणि ज्याला साइज बसली नाही म्हणून साधं रिटर्न हवं होतं तोही मग तेच कारण निवडतो, परतीचा खर्चही तुमच्यावर पडतो आणि अकाउंटवर डागही तुमच्या. रिटर्न चालू ठेवा, लिस्टिंगमध्ये वस्तूचे दोष स्वतःहून फोटोसकट दाखवा, आणि महाग वस्तू वेगळ्या काढून फक्त त्यांना व्हिडिओ, नंबर आणि सही हे सगळं लावा. प्रत्येक पार्सलला एवढं करायला गेलात तर दोन आठवड्यांत थकाल आणि नेमकं ज्याला हवं होतं त्याचाच व्हिडिओ राहून जाईल.